कलाबाईच्या नावाचे सरगुंडे

दि. ३ एप्रिल २०२२
रविवार, दुपार

चि. रुचितास,

जयभीम. आणि सोबत एक धपाटा, कारण फोन केला की तू "आई, मीटिंग आहे, ठेवते" म्हणतेस. कागदाला मीटिंग नसते, म्हणून हे पत्र खोक्यात सर्वांत वर ठेवलं आहे. आधी हे वाच, मग सरगुंडे काढ.

इकडे सगळं बरं आहे. बाबा तुमसरला तुझ्या आत्याकडे गेलेत. आत्याचा गुडघा दुखतो म्हणून बघायला गेले आणि तिथे यांचीच कंबर धरली. आता आत्या लंगडत लंगडत यांना शेक देते. मंगळवारी येतील म्हणतात. ऊन असं तापलंय की अंगणातल्या खाटेला हात लावता येत नाही. तळ्याचं पाणी मधोमध जाऊन बसलंय, म्हशी चिखलात लोळतात आणि हाकलल्या तरी उठत नाहीत.

यंदा सरगुंडे छान उतरले. कलाबाईनं कणीक अशी मळली की काडीवर गुंडाळताना दोरी कुठे तुटली म्हणून नाही. मळणं तिचं आणि वळणं माझं, हे तुला माहीतच आहे. तिच्या बोटांत दोरी टिकत नाही, माझ्या मनगटात मळायचा जोर नाही. दोघींची मिळून एक सुगरण होते. लहानपणी काडीवरून सुटलेलं पहिलं वेटोळं तू कच्चंच तोंडात घालायचीस आणि कलाबाई तुझ्यामागे अंगणभर धावायची.

एक विचारायचं दर वेळी राहून जातं. खोक्यावर तुझं नाव 'रुचिता वासुदेव' एवढंच लिहायला सांगतेस. पाठवणाऱ्याच्या जागी तर नावच नको म्हणतेस, नुसता गावाचा पत्ता. मागे विचारलं तेव्हा म्हणालीस, आडनाव लांब आहे, फॉर्ममध्ये मावत नाही. गजभिये किती लांब आहे ग? तुमच्या पुण्यात याच्या दुप्पट लांबीची आडनावं राहतात आणि सगळीकडे मावतात. बरं, ते जाऊ दे.

आंब्याला यंदा मोहोर बरा होता. तुला आमरसासोबत सरगुंडे खायला यायला जमेल का ते कळव, म्हणजे तेवढे सरगुंडे बाजूला ठेवते. जमणार नसेल तर तसं सांग, उगाच "बघते" म्हणू नको.

आता मुद्द्याचं लिहिते. मघापासून लिहायचं टाळते आहे.

बुधवारी एक बाई आली. नागपूरची गाडी, साकोलीकडे लग्नाला निघाली होती. शहापूर ओलांडल्यावर मुद्दाम हायवे सोडून आपल्या गावात शिरली. चौकात नत्थूच्या पानठेल्यावर तिनं विचारलं, "सरगुंडे करणाऱ्या कलाबाई भुरे कुठे राहतात?" नत्थूनं कलाबाईचं घर दाखवलं. कलाबाईला वाटलं, तू जिथे आपले सरगुंडे विकायला ठेवतेस ते ऑनलाइनवाले लोक माल बघायला आले. ती हरखून गेली आणि बाईला घेऊन सरळ आपल्याकडे आली. दारातूनच ओरडली, "आनंदा, पाह्य व कोन आलं! बाई नागपूरवरून आली, आपले सरगुंडे घ्याले!"

मी खाट झटकली, पाणी दिलं, चहा ठेवला. बाई वाईट नव्हती, हे आधी सांगते. वयानं माझ्याएवढी. वाळत घातलेला एक सरगुंडा तिनं हातावर घेतला आणि म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या हातचे अगदी असेच असायचे." डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खरंच आलं. दोन पाकिटं निवडून तिनं मांडीवर ठेवली. मग कलाबाईला म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे हो."

कलाबाई हसायलाच लागली. "माह्या हातात? बाई, मले त वळताच येत नाही. मी नुसती कनिक मळतो. हे सारं हिच्या हातचं. घर बी हिचंच होय."

बाईनं तेव्हा पहिल्यांदा घराकडे नीट पाहिलं. आतल्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथे तिची नजर थांबली. मला म्हणाली, "आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. सांगितलं. "अच्छा," म्हणाली. आवाज होता तसाच गोड राहिला, पण पाकिटं मांडीवरून खाटेवर गेली. म्हणे गाडीत जागा नाही, ऑनलाइनच मागवते. मी चहा घेऊन बाहेर आले तोवर ती चपला घालत होती. पाण्याचा पेला भरलेला तसाच.

जाता जाता तिनं फोन कलाबाईपुढे धरला. "पण यात तर तुमचं नाव आहे. फोटोसुद्धा तुमचाच आहे." असं म्हणाली, जसं काही आम्ही तिला फसवलं.

मीही पाहिलं. फोटोत कलाबाई बसलेली, पुढ्यात माझं ताट. खाली लिहिलेलं, कलाबाई भुरे यांच्या हातचे पारंपरिक सरगुंडे. फोटो मागच्या मे महिन्यातला. तो मी लगेच ओळखला, कारण तेव्हा मी तिथेच होते. काडीवर दोरी गुंडाळत बसले होते आणि तू म्हणालीस, "आई, जरा बाजूला सरक ना, उजेड अडतो." मी सरकले. ताट तिथेच ठेवून सरकले.

मला वाईट वाटलं, रुचिता. त्या बाईचं फार नाही, न प्यायलेले पेले मी पुष्कळ उचलले आहेत. तुझं वाटलं.

कलाबाई आधी स्वतःचा फोटो बघून खूश झाली होती. मग तिनं खालचं नाव वाचलं. "आनंदा, पोट्टीनं तुह्यं नाव काहून नाही टाकलं?" मी म्हटलं, चुकीनं झालं असेल. ती काही खुळी नाही. चहा न घेता घरी गेली आणि तेव्हापासून आलेली नाही. भिजवून ठेवलेली कणीक आंबून गेली, म्हशीला घातली. तिचा चंद्रकुमार पानठेल्यावर म्हणत होता म्हणे, न विचारता आमच्या मायचं नाव बाजारात लावलं. त्याचंही खोटं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा कलाबाई अंगणाच्या कडेला उभी राहून बोलायची. मग ओसरीवर बसायला लागली. चुलीपर्यंत यायला तिला कितीतरी वर्षं लागली. आता ती माझ्या डब्यातला गूळ न विचारता काढते. तेवढं जाऊ नये असं वाटतं.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. आल्यावर गावातून कळेलच. त्याआधी तुझं काय म्हणणं आहे ते मला कळू दे. फोन करू नको. फोनवर तू रडशील नाहीतर मी रडेन, आणि बोलायचं तसंच राहील. कागदावर लिही.

जेवत जा वेळेवर.

तुझी
आई


पुणे
८ एप्रिल २०२२

प्रिय आई,

खोकं काल मिळालं. सरगुंडे अजून त्यातच आहेत. हात लावावासा वाटत नाही.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून हे पत्र नीट नसेल.

आधी तुझंच नाव टाकलं होतं. मागच्या एप्रिलमध्ये. आनंदाबाई गजभिये यांच्या हातचे सरगुंडे, आणि तुझा तो निळ्या लुगड्यातला फोटो. मी तुला सांगत होते ना, अजून ॲपवर घातलं नाही, वेळ मिळत नाही? घातलं होतं. लोक फोटो बघायचे, छान म्हणायचे, आणि मग मेसेज यायचा. गजभिये म्हणजे तुम्ही कोण? करणाऱ्या बाई कोणत्या समाजाच्या? एकीनं तर ऑर्डर दिली, आणि थोड्या वेळानं रद्द केली. लिहिलं, "माफ करा, आमच्याकडे सासूबाई देवाचं फार करतात, चालणार नाही." आणि खाली हात जोडल्याचं चित्र. आई, मला त्या जोडलेल्या हातांचा सर्वांत जास्त राग आला. शिवी दिली असती तर मी भांडले तरी असते.

मग मे महिन्यात घरी आले तेव्हा तो फोटो काढला. नाव आणि फोटो, एवढंच बदललं. किंमत तीच, माल तोच. संध्याकाळपर्यंत ऑर्डरी आल्या. मला आनंद झाला, आणि तो झाला याचीच लाज वाटली. रद्द करणाऱ्या त्या बाईनंही मागवले. खाली लिहिलं, "अप्रतिम! सोवळ्यातली चव. नैवेद्याला ठेवले." ते वाचून मी मोठ्यानं हसले. तुला फोन लावला, तुला सांगून दोघी हसू म्हणून. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी म्हटलं, सहजच केला होता.

तू एवढ्या हौसेनं विचारायचीस, "लोकांना आवडले का ग?" मी म्हणायचे, फार आवडले. ते खरं होतं. उरलेलं तुला वाचू द्यायचं नव्हतं.

आडनाव मोठं नाही, मावतं. खोली शोधताना ॲपवर पूर्ण नाव लिहायचे तेव्हा प्रत्येक खोली नुकतीच गेलेली असायची. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं त्याच जागेला विचारलं की ती रिकामी असायची. मग मी बाबांचं नाव आडनावाच्या जागी लिहिलं. इथल्या घरमालकीण काकू मला वासुदेव म्हणतात. चांगल्या आहेत, ताप आला तेव्हा मऊ भात करून दिला. त्या विचारत नाहीत, मी सांगत नाही. पण भात खाताना वाटत होतं, हा आपल्याला दिलाय की वासुदेवला? कुरिअरवाला खालून नाव ओरडतो, म्हणून तुला तसं लिहायला सांगते.

फोटोच्या वेळी तू सरकलीस ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, तुला काही कळलं नाही. ताट पुढे लोटून, पदर सावरून सरकलीस. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

कलाबाई मावशीला काय सांगू? तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं.

ॲपवरचं सध्या बंद करून ठेवलं आहे. कायमचं बंद करू का? तू सांगशील तसं.

तुझी
रुचिता


दि. १७ एप्रिल २०२२
रविवार

माझ्या बाळा,

आधी ते खोकं उघड. सरगुंड्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

तुझं पत्र मी वाचलं, मग बाबांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून पुसून दोनदा वाचलं आणि तळ्याकडे निघून गेले. मला वाटलं, आता येऊन म्हणणार, पोरीला परत बोलवा. आले ते विचारत, "ताप कधी आला होता तिले? मले सांगितलं काहून नाही?" एवढ्या पत्रात त्यांना तो ताप लागला. जेवताना मात्र हळूच म्हणाले, "माह्या नावाचं आडनाव केलं पोरीनं. कामी आलं म्हनाचं." हसायला गेले, जमलं नाही.

जयंती झाली. मिरवणूक छान निघाली, पोरांनी कान फुटेस्तोवर डीजे लावला. कलाबाई दर वर्षी माझ्यासोबत चौकात उभी राहून बघते, यंदा दिसली नाही. मी घरी येऊन उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. ओसरीवर थांबली नाही, सरळ आत गेली. माठातून स्वतःच पाणी घेतलं, प्यायली, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मेघाच्या लग्नातलं रुखवत आठोते का तुले?"

न आठवायला काय झालं? तू तेव्हा शाळेत होतीस. लेकीच्या रुखवतात मांडायला कलाबाईनं माझ्याकडून सरगुंड्यांची डोली करून घेतली होती. दांडा, पडदे, आत नवरी, सगळं सरगुंड्यांचं. व्याह्यांकडच्या बायका गोळा झाल्या होत्या बघायला.

"त्याइनं विचारलं, कोनं केलं? म्या म्हटलं, म्याच केलं. तू त मांडवाच्या तोंडाशी उभी होतीस. आयकलं होतं ना तू?"

"आयकलं होतं," मी म्हटलं.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुह्या पोरीचं लगन होतं व. मी काय भांडन करू?"

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, "त्या दिवशी त्या बाईच्या हातात माहा फोटो पाह्यला, त मले डोलीच दिसली. घरी चंद्रकुमार कावते, रुचितानं तुह्यं नाव चोरलं म्हनून. मी त्याले सांगितलं, पह्यले म्या तिच्या मायचं चोरलं. पोट्टीनं कोनाचं पाहून केलं मंग?"

मग आम्ही दोघी रडलो. रडून झाल्यावर तिनं माझ्या डब्यातला गूळ काढला. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, ती नैवेद्याची गोष्टसुद्धा. तिला हसू आवरेना. "घे व आनंदा, देव बी जेवला तुह्या हातचं!" म्हणाली, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसले. तुला त्या दिवशी माझ्याबरोबर जसं हसायचं होतं, तसं आम्ही तुझ्या वाटचं हसून घेतलं.

रुचिता, त्या मांडवात मला फार लागलं होतं. मी ते कुणाला बोलले नाही, तुझ्या बाबांनाही नाही. मला वाटायचं, न बोलणं हाच मोठेपणा. घरात तू होतीस, बघत होतीस. आईला सरकायची सवय आहे, हे तू माझ्याकडूनच शिकलीस. म्हणून त्या फोटोचा राग मी सोडला. तुझ्यावर होता, खोटं कशाला बोलू, चांगला होता. पण ते मेसेज तू वर्षभर एकटीनं पोटात ठेवलेस, हे वाचलं आणि राग टिकलाच नाही. मला येऊन तुझं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं.

बंद करायचं नाही. आता मी सांगते तसं कर. नवा फोटो बाबांनी तुला फोनवर पाठवलाच असेल. त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, जसं काही त्यांचाच फोटो निघणार होता. आधीच्या सगळ्या फोटोंत त्यांचं बोट आलं, शेवटचा बरा आहे. कलाबाई मळते आहे, मी वळते आहे. मागे भिंत दिसते, तसबिरीसकट. बाबांनी विचारलं, खाट जरा तिकडे घेऊ का? मी म्हटलं, राहू द्या. कुणाला माघारी जायचंच असेल तर त्यानं फोटो बघूनच जावं, माझ्या अंगणात येऊन नको.

खाली लिही: वळणारी आनंदाबाई गजभिये, मळणारी कलाबाई भुरे. कलाबाईला विचारलंय, तिनं मान डोलावली. चंद्रकुमार अजून फुगलेला आहे. कलाबाई म्हणते, मायचं नाव दुसऱ्या नंबरावर का, म्हणून फुगला असेल. मला तसं वाटत नाही. पण ती त्याची आई आहे, ती बघून घेईल.

ऑर्डरी कमी येतील, मला ठाऊक आहे. नाहीच आल्या तर कैऱ्या पिकतीलच, आपण खाऊ. पण कुणी मागवले, तर ते माझे म्हणून मागवलेले असतील. मला या वयात एकदा तेवढं बघायचं आहे. आणि कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर ते एकटीनं वाचत बसायचं नाही. मला फोन लावायचा, मीटिंग असली तरी. दोघी मिळून वाचू. उत्तर मी सांगेन, तू लिही. माझी भाषा जास्तच तिखट झाली तर थोडी कमी कर.

तुझ्या खोलीचं मी काही सांगणार नाही. तिथे तुला राहायचं आहे, मला नाही. मी सरकायचं थांबले ती साठीला टेकल्यावर, तेव्हा तुला घाई करायचा मला काय अधिकार? मऊ भात तापातल्या पोरीला दिला होता, असं मी धरून चालते. तूही धरून बघ. काकूंसाठी या पत्रासोबतच्या नव्या खोक्यात एक वेगळं पाकीट ठेवलं आहे.

खोक्यावर तुझं नाव तू सांगतेस तसंच लिहिलंय, रुचिता वासुदेव. पण पाठवणाऱ्याची जागा मोकळी सोडलेली नाही. तिथे बाबांनी जाड पेनानं माझं नाव लिहिलंय, लांबून वाचता येईल एवढं मोठं. सगळं मावलं. काकूंनी विचारलं, ही बाई तुझी कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव.

आनंदाबाई वासुदेवराव गजभिये